सत्तेचाळीस स्क्रू आणि एक झबलं

२ मार्च, रविवार. सकाळी ७.१० (भिंतीवरच्या घड्याळात ७.२१. वजा अकरा.)

नवी वही. या वहीत फक्त शिलाई मशीन. आधीची वही (गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी) काल बंद केली. ती योजना तांत्रिकदृष्ट्या यशस्वी होती. खालच्या मजल्यावरच्यांनी समजून घेतलं नाही, एवढंच.

विषय: सासूबाईंचं जुनं पायमशीन. वय साठच्या पुढे. हिचं पहिलं झबलं या मशीनवर शिवलेलं, आमच्या लेकीचंही याच मशीनवर. आता लेकीला डॉक्टरांनी ३० मार्च सांगितली आहे. बाळाच्या अंगावर पहिलं झबलं चढेल ते याच मशीनवरचं असावं, असं हिच्या मनात आहे. मनात म्हणजे दिवसातून दोनदा बोलून दाखवते.

तक्रार: टाके सुटतात. चार बरोबर, मग तीन गायब, खाली दोऱ्याचं घरटं. गेल्या महिन्यात सुरू झालं. त्याआधी साठ वर्षं काही नाही. नोंदीसाठी: ९ फेब्रुवारीला मी स्वतः नवी सुई बसवली आहे, तेव्हा सुईकडून काही अडचण असण्याचा प्रश्न निकालात निघाला.

ही म्हणाली, एकथेंबला बोलवू. एकथेंब म्हणजे बाजारातला मशीनवाला. मशीन कुठलंही असो, दुखणं कुठलंही असो, जाताना "तेल एक थेंब, जास्त नाही" एवढं सांगून जातो, म्हणून हे नाव. मीच ठेवलं. मी हिला म्हटलं, सत्तावीस वर्षं मी लोकांचे वजनकाटे तपासतो आहे. माझ्या शिक्क्याशिवाय या गावात पावशेर बटाटा हलत नाही. आणि माझ्या घरात दुरुस्तीला बाहेरचा माणूस? त्यावर ही फक्त "नळ" म्हणाली आणि आत गेली.

नळाबद्दल: मी दुरुस्त केल्यापासून न्हाणीघरातला नळ उजवीकडे उघडतो आणि डावीकडे बंद होतो. गळत मात्र नाही. ते कोणी बोलत नाही.

संकल्प: ९ तारखेपर्यंत मशीन चालू. बाकीचे एकवीस दिवस हिने आरामात शिवावं.

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.३०

आज निदान. लाकडी पट्टीचं एक टोक मशीनला लावलं, दुसरं कानाला. हिला पाय मारायला बसवलं. अनुभवी कानाला यंत्र सगळं सांगतं. खट खट खट टिक. खट खट खट टिक. तो "टिक" पकडला. चाळीस मिनिटं ऐकत होतो. हिने मध्ये विचारलं की अजून किती वेळ पाय मारू. मी खूण करून गप्प केलं.

नंतर मशीन थांबल्यावरही टिक चालूच होता. तो घड्याळाचा निघाला. निदानाला त्याने बाध येत नाही. दोष टायमिंगचा आहे. सुई खाली येते तेव्हा खालचा दोरा धरणारं शटल तिथे नसतं, शटल येतं तेव्हा सुई गेलेली असते. ऑफिसातही असंच चालतं, पण तिथे टाके घालायचे नसतात.

सासूबाईंचा फोन. मशीनची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली आहे. मी टायमिंग समजावून सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, सुई कोणी बसवली? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, बरं, शनिवारी येते.

वय झालं की माणूस छोट्या गोष्टींना धरून बसतो.

सुईबद्दल इथे लिहून ठेवतो, म्हणजे शंका नको. सुईच्या वरच्या जाड भागाला एक बाजू सपाट असते. आमच्या वजनांनाही असते, शिक्का मारायला. सपाट बाजू नेहमी समोर, तपासणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठेवायची, हा आमच्या खात्याचा पहिला धडा. सुई त्याच शिस्तीत बसवली आहे.

५ मार्च, बुधवार

निदान पक्कं होण्याआधी तेल. एकथेंबचं तत्त्व मला कधीच पटलेलं नाही. साठ वर्षांचं यंत्र, एका थेंबाने त्याचं काय होणार? जिथे जिथे भोक दिसलं तिथे दहा थेंब. भोकं चौदा. त्यातलं एक स्क्रू हरवल्याचं निघालं, तिथलं तेल सरळ खाली गेलं.

मशीन लोण्यासारखं फिरायला लागलं. इतकं, की पाय काढल्यावरही चाक थांबेना. हिने फिकट पिवळ्या कापडाचा तुकडा चाचणीला घातला. बाहेर आला तेव्हा त्यावर मधोमध एक रुंद काळा पट्टा. टाके पूर्वीइतकेच सुटले, पण आता तेलात.

तो तुकडा हिने दोन बोटांत धरून गॅलरीत नेला आणि दोरीवर वाळत घातला. मला वाटतं आठवण म्हणून.

८ मार्च, शनिवार. दुपारी

सासूबाई आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पिशव्या तीन. बेल चार वेळा वाजवली म्हणतात. आम्ही दार उघडलं नाही, कारण पॅसेजमधला दिवा लावला तरी बेल वाजते (मी जानेवारीत बेल दुरुस्त केली तेव्हापासून) आणि आम्ही आता तिकडे लक्ष देत नाही. ही आतून ओरडत होती, दिवा कोणी लावला, बंद करा. शेवटी सासूबाईंनी छत्रीने दार वाजवलं.

पाणीसुद्धा न पिता मशीनपाशी गेल्या. बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, बोट पदराला पुसलं आणि पदराकडे बघत राहिल्या. मग सुईकडे वाकल्या. चष्मा पिशवीत होता. मी म्हटलं, तुम्ही बसा, प्रवासातून आलात. वाक्य संपेपर्यंत मशीनवर झाकण घातलं. काम चालू असताना बाहेरच्यांनी डोकावू नये, हा आमच्या खात्याचा दुसरा धडा.

जेवताना म्हणाल्या, "जावईबापू, मी या मशीनवर चाळीस वर्षं शिवलं. एकदाही खोललं नाही."

म्हणूनच, मी म्हटलं.

९ मार्च, रविवार. सकाळी ६.०० ते संध्याकाळी ७.४५

आजपर्यंतचा सर्वोत्तम दिवस.

मशीन पूर्ण खोललं. पूर्ण म्हणजे पूर्ण. एकूण सत्तेचाळीस स्क्रू, अकरा स्प्रिंगा, पिना नऊ, आणि एक वस्तू जिला नाव नाही. अंड्यांचे दोन ट्रे रिकामे करून घेतले (अंडी पातेल्यात आहेत) आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक स्क्रू, खड्ड्याला नंबर.

खरी करामत म्हणजे आराखडा. ऑफिसातल्या जुन्या पोस्टरची कोरी बाजू घेतली. जाड, पांढरा, टेबलाएवढा कागद. पोस्टर ग्राहकांसाठी होतं: "खरेदीपूर्वी खात्री करा, काटा शून्यावर आहे." मजकूर माझाच, बारा वर्षांपूर्वीचा. त्याच्या मागच्या बाजूला मी मशीन उलगडून काढलं. प्रत्येक स्क्रू कुठला, कुठून निघाला, किती आटे, कुठल्या खड्ड्यात. लाल शाई, निळी शाई, बाण. कोणीही हा कागद समोर ठेवून डोळे मिटून मशीन जोडू शकेल.

हिने दारातून बघितलं. मी आराखडा उचलून दाखवला. ती म्हणाली, नऊ तारीख होती ना आज? मी म्हटलं, नऊ तारखेपर्यंत दोष शोधायचा होता. दोष आता या सत्तेचाळीस खड्ड्यांपैकी एकात आहे. मोजता येतील इतकेच खड्डे उरले, याला प्रगती म्हणतात.

नवी मुदत: १६.

१२ मार्च, बुधवार

ऑफिसात चहाच्या वेळी मशीनचा विषय काढला. बरंच ऐकून घेतलं सगळ्यांनी. अभिलेख शाखेतल्या कारकुनाने तर विचारलंच की घरचा पंखा आवाज करतो, बघाल का. तेवढ्यात शेजारच्याने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो म्हणाला, राहू द्या, आवाजाची सवय झाली आहे.

एक कल्पना सुचली. लोकांना शिकवायला पाहिजे. दर रविवारी दोन तास, आमच्या दिवाणखान्यात. विषय: "यंत्र बोलतं, ऐकणारा हवा." नियमावली लिहायला घेतली. नियम १: घाई नाही. नियम २: बाहेरचा माणूस नाही. नियम ३ वर असताना हिने विचारलं की दिवाणखान्यात बसायचं कुठे, सगळीकडे मशीन आहे. नियम ३: सतरंजी आणावी.

आज लेकीचा फोन होता. झबलं झालं का, विचारत होती. ही म्हणाली, होतंय. मग दोघी बराच वेळ हसत होत्या. आनंदी वातावरण आहे घरात.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ३.००

सफाई. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये बुडवून जुन्या दातघासणीने घासला (जुनी आहे असं मला वाटलं होतं. सासूबाईंची निघाली. नवी आणून दिली). घरात रॉकेलचा वास, त्यामुळे स्वयंपाक गॅलरीत.

दुपारी स्टँडखाली उताणा झोपून पट्ट्याचं चाक तपासत होतो. तोंडात बॅटरी. सासूबाई वरून काहीतरी विचारत होत्या. टेबलावरचा तो मोठा कागद लागणार आहे का, की घेऊ, असं काहीसं. मी "हूं" म्हटलं. तोंडात बॅटरी असताना माणूस दुसरं काही म्हणू शकत नाही.

उद्या जोडणी. झोप येणार नाही इतका उत्साह. लिहून ठेवतो: उद्या दुपारी बारापर्यंत मशीन चालू. साडेबाराला पहिलं झबलं.

१६ मार्च, रविवार. सकाळी ८.१५

आराखडा नाही.

सकाळी ८.४०

आराखडा सापडला. झबल्याच्या आकाराचा आहे.

त्याचं असं झालं. सासूबाईंना झबल्याचा फर्मा कापायला जाड कागद हवा होता. वर्तमानपत्र फाटतं म्हणे. त्यांनी मला रीतसर विचारलं आणि मी रीतसर हूं म्हटलं, याला ही साक्षीदार आहे, आणि साक्ष द्यायला फार उत्सुक आहे. कागदाचं झालं: पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, एक टोपडं. उरलेले कपटे बंबात. म्हणजे आता स्क्रू १ ते १६ यांच्याबद्दल मला सगळं माहीत आहे (पुढचा भाग), १७ ते ३१ पाठीवर आहेत, बाह्यांवर बाण आहेत पण बाण कशाकडे आहेत ते बंबात गेलं. स्क्रू ३२ ते ४७ यांची राख झाली.

सासूबाईंनी वाईट वाटून घेतलं. कागदावर एवढं काय होतं, विचारलं. मी म्हटलं, काही नाही, माझी पावणेचौदा तासांची मेहनत. त्या म्हणाल्या, कापड मात्र छान बसतंय हो त्यावर, अजिबात हलत नाही. मग म्हणाल्या, "सुई कोणी बसवली होती म्हणालात?"

त्यांच्या विस्मरणाची काळजी वाटते.

संध्याकाळी ६.००

आराखडा नसणं हे वरदान ठरू शकतं. आराखडा असता तर मी फक्त नक्कल केली असती. आता समजून जोडेन. मुदत: १८.

१८ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.२० (वजा अकरा केलेले आहेत.)

रजा टाकली होती. कारण: यांत्रिक.

मशीन जोडून झालं. उरलं: स्क्रू सहा, स्प्रिंग एक, आणि ती नाव नसलेली वस्तू. सुरुवातीला थोडा विचार पडला. मग लक्षात आलं की साठ वर्षांपूर्वी लोक अकारण जास्त स्क्रू घालत असत. आजकालची यंत्रं हलकी असतात. हे सगळं एका डबीत घालून डबीवर "अतिरिक्त" लिहिलं.

चाचणी. हिने कापड घातलं, पाय मारला. कापड पुढे जाण्याऐवजी हिच्याकडे यायला लागलं. सावकाश, पण ठामपणे. हिने ढकललं, त्याने परत लोटलं. टाके तसेच सुटलेले. मी दाखवून दिलं की आधी या मशीनला उलटी शिलाई नव्हतीच, नवीन मशीनमध्ये त्यासाठी वेगळं बटण असतं. आपण ती सोय मिळवली आहे. आता फक्त सरळ शिलाई राहिली.

ही हसायला लागली. आधी तोंडाला कापड लावून, मग कापड सोडून. सासूबाईही. सासूबाईंना ठसका लागला, मी पाणी आणायला न्हाणीघरात धावलो आणि घाईत नळ चुकीच्या बाजूला फिरवला. म्हणजे बरोबर बाजूला, जी पूर्वी होती. पाणी आलं नाही. तेही त्यांनी ऐकलं. दहा मिनिटं कोणालाच बोलता येईना. शेवटी मीही हसलो, पण माझं हसणं वेगळ्या कारणासाठी होतं. कारण नंतर लिहीन.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ७.००

काल कारण लिहायचं राहिलं. आज आठवत नाही.

ही गॅलरीत बसली होती. मांडीवर फिकट पिवळं कापड, हातात साधी सुई. झबल्याची बाजू हाताने टिपत होती. बारीक टाके, पण हात अवघडतो तिचा, मनगट मधून मधून झटकत होती. मी म्हटलं, अगं चार दिवस थांब, मशीनवर पाच मिनिटांत होईल.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, "अहो, मला मशीन दुरुस्त झालेलं नकोय. मला झबलं हवंय. आईने माझं शिवलं, मी लेकीचं शिवलं, त्याच मशीनवर. तुम्हाला काय हवंय ते एकदा ठरवा, म्हणजे मी हातशिलाई सुरू ठेवू की बंद करू ते मला कळेल."

मी म्हटलं, अकरा दिवस आहेत अजून.

ती म्हणाली, बाळ तुमचं घड्याळ बघून येणार नाही.

ऑफिसात दिवसभर लक्ष नव्हतं. एका वाण्याचा काटा दहा ग्रॅमने खोटा होता, तरी पास करणार होतो. त्यानेच दाखवून दिलं.

२० मार्च, गुरुवार

निर्णय. एकथेंबला बोलवायचं. दुरुस्तीसाठी नव्हे, सल्लागार म्हणून. मोठमोठ्या कारखान्यांतही बाहेरचे सल्लागार येतात, त्याने कारखान्याची मान खाली जात नाही. अटी लिहून काढल्या:

एक. काम माझ्या देखरेखीखाली.
दोन. "हे कोणी केलं" असा प्रश्न विचारायचा नाही.
तीन. निदान एक भाग माझ्या हाताने बसवला जाईल.

हिला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, त्याला मी पाच तारखेलाच सांगून ठेवलंय, तो रोज विचारतो, साहेबांचं झालं का.

पाच तारखेलाच! तेलाच्या दिवशी.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ९.००

कालचं सगळं क्रमाने लिहितो. घाईत लिहिलं तर चुका होतील, आणि चुका आता पुरेशा आहेत.

काल सकाळी दहाला एकथेंब यायचा होता. मी रजेवर. दहा वाजून पाच मिनिटं, बेल. ही म्हणाली दिवा कोणी लावला. मी म्हटलं सासूबाईंनी. सासूबाई म्हणाल्या मी नाही. बेल. ही पॅसेजमध्ये गेली, दिवा बंदच होता, म्हणून तिने तो लावून परत बंद केला. परत बेल. असा प्रकार वीस मिनिटं. शेवटी एकथेंबने दारातूनच फोन केला की साहेब मी तुमच्या दारात उभा आहे, आणि तुमची बेल मला आतून उत्तर देते आहे.

आत आला. मशीनकडे बघितलं. अट क्रमांक दोन त्याने अक्षरशः पाळली. काही विचारलं नाही, फक्त खुर्ची ओढून बसला आणि पाचेक मिनिटं हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला, जसं आपण अपघाताच्या जागी बघतो. मग म्हणाला, उरलेलं कुठे आहे? मी "अतिरिक्त" डबी दिली. नाव नसलेली वस्तू बघून त्याचा चेहरा उजळला. ती कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांची कळ होती म्हणे.

पन्नास मिनिटांत त्याने सगळं खोलून परत जोडलं. आराखडा नाही, ट्रे नाही. स्क्रू तोंडात धरतो. मी दोनदा सांगितलं की हे आरोग्याला बरं नाही. सोळा ठिकाणी त्याने काहीतरी बदललं, मी मोजत होतो. शेवटी स्टँडखाली शिरून पट्टा चढवत असताना म्हणाला, साहेब, तेवढी सुई लावता का? अट क्रमांक तीन. मी सुई लावली. नीट, घट्ट, सपाट बाजू समोर.

पाय मारला. चार टाके बरोबर. तीन गायब.

आता हे लिहायला नको खरं, पण ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही. त्या क्षणी मला मनापासून आनंद झाला. वीस दिवसांत इतका झाला नव्हता. बाजारातला सगळ्यात अनुभवी माणूस समोर बसला होता आणि त्यालाही जमत नव्हतं. मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, बघ, दोष खोल आहे. एकथेंब डोकं खाजवत होता. मी त्याला टायमिंगबद्दल समजावायला सुरुवात केली. पट्टी आणतो म्हटलं, कानाला लावायला.

सासूबाई उठल्या. या वेळी चष्मा लावूनच आल्या होत्या. मशीनपाशी उभं राहून त्यांनी एकथेंबला विचारलं, "सुई कोणी बसवली?"

तो म्हणाला, साहेबांनी.

दोघांनी एकदम सुईकडे वाकून बघितलं. मग दोघांनी एकदम माझ्याकडे. आणि तेवढ्यात फोन वाजला. आमच्या जावयाचा. कळा सुरू झाल्यात, हॉस्पिटलमध्ये निघालोय, तुम्ही या. तीस तारीख गेली उडत. पुढच्या चार मिनिटांत मी आणि ही जिना उतरलो होतो. हिच्या एका पायात माझी चप्पल होती. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही व्हा पुढे, मी मागून येते, माझं थोडं काम आहे.

दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी नात झाली. वजन तीन किलो पन्नास ग्रॅम. नर्सला विचारलं, काटा शेवटचा कधी तपासला होता. ती म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा.

पाच वाजता सासूबाई आल्या. एकथेंबच्या स्कूटरवर मागे बसून. पिशवीतून त्यांनी झबलं काढलं. फिकट पिवळं. एक बाजू, गळा, बाह्या, सगळे टाके सरळ, एकही सुटलेला नाही. दुसरी, हिने हाताने टिपलेली बाजू तशीच ठेवली होती, उसवली नव्हती. हिने झबलं हातात घेतलं, उलटसुलट करून शिलाईवरून अंगठा फिरवला. मग आत घेऊन गेली.

मी एकथेंबला बाजूला घेतलं. काय होतं, विचारलं. तो खाली बघून म्हणाला, "काही नाही साहेब. आजींनी सुई फिरवली. सपाट बाजू मागे. या मशीनला मागे लागते."

फक्त?

"फक्त. मी म्हटलं आजींना, एक थेंब तेलही नको, आहे त्यात दोन वर्षं जातील."

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.४०

मायलेकी ठीक. घरी येणार बुधवारी. मशीन दिवाणखान्यात सुरू आहे. काल तीन झबली झाली, आज एक टोपडं. आवाज: खट खट खट. टिक घड्याळाचा.

अंडी ट्रेमध्ये परत ठेवली. रविवारच्या क्लासची नियमावली फाडली नाही, पण घडी केली.

ही वही बंद करण्याआधी अहवाल. खात्याच्या नेहमीच्या नमुन्यात.

वस्तू: शिलाई मशीन, पायाचं, जुनं.
दोष: सुई उलटी.
दोष केव्हापासून: ९ फेब्रुवारी.
दोष लावणारा: खाली सही करणारा.
इतर दोष: ८ मार्चपर्यंत तेल सोडून काही नाही. ९ मार्चपासून सोळा.
दोष ओळखणारा: सासूबाई. दिनांक ३ मार्च, फोनवरून.
शेरा:

शेऱ्यात काय लिहावं ते सुचेना. पाऊण तास बसलो. दुसऱ्याच्या काट्यावर शेरा लिहायला मला अर्धं मिनिट लागतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात फर्म्याचा एक भाग, झबल्याची पाठ. बाकीचे मला ठेवू द्या, म्हणाल्या, पुढे लागतील, पण या पाठीचा मी दुसरा कापून घेतला आहे, तुमचा एवढा कष्टाचा कागद, एक तरी तुमच्याकडे असावा. बसतो मात्र फार छान, परत म्हणाल्या. कुठेही ओढत नाही.

घेतला. एका बाजूला माझ्या अक्षरात स्क्रू १७ ते ३१, लाल-निळे बाण, अगदी सुवाच्य. वीस दिवसांत मी जे काही केलं त्यातून मापात बसलेली ही एकच वस्तू.

उलटा केला. मागे पोस्टरची शेवटची ओळ, त्यातले कात्रीतून वाचलेले दोन शब्द, मोठ्या ठळक अक्षरांत:

शून्यावर आहे.

शेऱ्याच्या जागी तोच डकवला. कडा बाहेर आल्या नाहीत.